खाजण कुणाचे?

शाळेच्या पुस्तकापासून पर्यटनाच्या पत्रकापर्यंत मुंबईचा इतिहास एकाच नकाशाने सुरू होतो. निळ्या पाण्यात सात हिरवे ठिपके: कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. पुढच्या नकाशात ठिपके एकमेकांजवळ सरकतात आणि शेवटच्या नकाशात एक सलग भूभाग दिसतो. माणसाच्या जिद्दीने समुद्र मागे हटला, असे खाली लिहिलेले असते. या नकाशाबद्दल माझी तक्रार अशी की त्यात भरतीची वेळ दिलेली नाही.

बेटे सात होती ती भरतीला. ओहोटी लागली की कुलाब्याकडे चालत जाता येत असे. मुंबई, माझगाव, परळ आणि वरळी यांच्यामधल्या सखल पट्ट्यातले पाणी उतरले की चिखल, तिवरांची झुडपे आणि मिठाची पांढरी साय उघडी पडे; जिथे जमीन किंचित उंच होती तिथे पावसाळ्यात भात पिके. नकाशात निळा रंगवलेला बराचसा भाग समुद्राचा नव्हता आणि तो कोरड्या जमिनीचाही नव्हता. कोकणात अशा जागेला खाजण म्हणतात. दिवसातून दोनदा पाणी तिच्यावर हक्क सांगते आणि दोनदा सोडून देते. मुंबईने गेल्या साडेतीनशे वर्षांत प्रामुख्याने ही जागा घेतली. ती घेता यावी म्हणून आधी ती कुणाचीच नाही असे ठरवावे लागले. माझ्या मते या शहराच्या बेटांचा इतिहास या ठरवण्याचा इतिहास आहे, आणि ते ठरवणे अजून थांबलेले नाही.

खाजण रिकामे कधीच नव्हते. खाडीच्या तोंडाशी कोळ्यांची डोल जाळी लागत आणि ओहोटीला बायका चिखलात उतरून कालवे, शिंपल्या, चिंबोऱ्या, निवट्या गोळा करत. आगऱ्यांची मिठागरे होती. माहीम-परळच्या माडांवर भंडाऱ्यांची रोजीरोटी चाले. या लोकांनी भरतीपुढे हात टेकले होते असेही नाही. पेण, पनवेल, अलिबागच्या खारेपाटात आजही दिसणारी खारबंदिस्ती हे त्यांच्या अकलेचे काम आहे. माती, दगड आणि गवत यांचा बांध घालायचा, त्यात उघाडी ठेवायची. भरतीला उघाडीची दारे पाण्याच्या दाबानेच मिटतात, ओहोटीला आतले पावसाचे पाणी ती ढकलून बाहेर पडते. खारट जमीन गोड्या पाण्याने धुऊन निघते आणि काही वर्षांत भात देऊ लागते. उधाणात बांध फुटला तर गाव मिळून तो बुजवते. खारबंदिस्ती भरतीशी करार करते, तिला हद्दपार करत नाही. पुढे शहराने जो भराव घातला त्यात उघाडीला जागा नव्हती. एवढ्या एका फरकातून पुढचे पुष्कळ काही घडले.

खाजणावर समतेचे राज्य होते असे मला म्हणायचे नाही. बांध घालण्यासाठी पैसा लावणारे आणि त्या बदल्यात पिढ्यानपिढ्या पीक उचलणारे जमीनदार होते, मिठागरांतली मजुरी हाडे झिजवणारी होती. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे चाललेला चरीचा शेतकरी संप याच खारेपाटात, खोतांविरुद्ध झाला. पण तिथे निदान भांडण होऊ शकत होते, कारण जमिनीवर कसणाऱ्याची वहिवाट सगळ्यांना दिसत होती. मुंबईत ती वहिवाट कागदावर येण्याआधीच पुसली गेली.

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसईच्या तहात ही बेटे पोर्तुगिजांना दिली. गार्सिया द ओर्ता या वैद्याला मुंबईचे बेट भाडेपट्ट्याने मिळाले होते. १५६३ मध्ये गोव्यात छापल्या गेलेल्या वनौषधींवरच्या ग्रंथामुळे तो आज जास्त आठवला जातो. १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालने मुंबई इंग्लंडच्या राजाला दिली, प्रत्यक्ष ताबा १६६५ मध्ये मिळाला आणि १६६८ मध्ये राजाने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली. काय दिले आणि काय घेतले यावरून पोर्तुगीज आणि इंग्रज यांच्यात सुरुवातीपासून वाद होता, कारण भरतीच्या पाण्यात मधेच उघडी पडणारी जागा बेटात धरायची की नाही हे करारात लिहिलेले नव्हते. कंपनीने तो प्रश्न आपल्या सोयीने सोडवला. तिच्या सुरुवातीच्या कागदपत्रांत हा सखल भाग ‘बुडालेली जमीन’ म्हणून येतो. पाण्याखालची जागा ही मुळातली जमीन आहे आणि ती सोडवायची आहे, असे एकदा मानले की तिथे जाळे लावणारा कोळी आणि मीठ पिकवणारा आगरी हिशेबातच येत नाहीत.

वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधले मोठे खिंडार बुजवल्यावर या सोडवण्याला वेग आला. गव्हर्नर विल्यम हॉर्नबीच्या कारकिर्दीत, १७८४ च्या सुमारास हा बांध पुरा झाला असे मानतात. बांध पुन्हा पुन्हा ढासळत होता, रामजी शिवजी या पाठारे प्रभू गृहस्थाला देवीने दृष्टांत दिला, समुद्रातून मूर्ती निघाल्या आणि मग बांध टिकला, ही आख्यायिका महालक्ष्मीच्या देवळात आजही ऐकायला मिळते. मला ती महत्त्वाची वाटते. पाणी अडवायला कुणाची तरी परवानगी लागते हे भान त्या कथेत आहे. कंपनीच्या दप्तरात ते नाही. भरतीचे पाणी यायचे थांबल्यावर मधल्या खाऱ्या जमिनी नाममात्र फाळ्यावर लागवडीसाठी देण्यात आल्या. त्या ‘फोरास’ जमिनी. १८५१ मध्ये त्यांच्यासाठी कायदाच झाला आणि सरकारने आपला हक्क सोडून त्या धारकांच्या नावे पक्क्या केल्या. जिथे पूर्वी फक्त भरतीचे वेळापत्रक चालत होते तिथे आता हद्दीच्या खुणा, वारसा, गहाण आणि विक्री आली. अठराव्या शतकाच्या शेवटी बांध घातला गेला आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्या बांधाआडच्या चिखलाचा भूखंड झाला.

भराव घालण्याला तेव्हा एक मोठे नैतिक कारण दिले जाई: आरोग्य. सतराव्या शतकात इथे आलेल्या जॉन फ्रायर, जॉन ओव्हिंगटन यांसारख्या इंग्रजांनी मुंबईच्या रोगट हवेबद्दल भयाने लिहिले आहे. दोन पावसाळे हे इथल्या गोऱ्या माणसाचे आयुष्य, अशी म्हण त्यांच्यात रूढ होती. दलदल, तिच्यावरून येणारी हवा आणि माडांच्या मुळाशी खत म्हणून घातलेली मासळी यांना त्यांनी दोषी ठरवले. मासळीच्या खतावर पुढे बंदीही आली, म्हणजे बागाइतदाराचा आणि कोळ्याचा एकमेकांना पोसणारा व्यवहार तोडला गेला. पण १९११ मध्ये डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापाची तपासणी केली तेव्हा त्यांना रोग पसरवणारा डास सापडला तो शहराच्या विहिरींत आणि पाण्याच्या टाक्यांत. सव्वादोनशे वर्षे ज्या खाजणाला शिव्या घातल्या त्याच्यापेक्षा वाड्यांच्या अंगणातले गोडे पाणी जास्त घातक निघाले. तोवर खाजण बहुतेक बुजले होते. कशाने बुजले होते? भायखळा-ताडदेवकडच्या सखल भागात शहराचा केरकचरा वर्षानुवर्षे ओतला जात होता. रोगट जागा नाहीशी करण्यासाठी शहराने तिथे आपली घाण पुरली आणि नंतर त्याच पट्ट्यात, त्याच्या आसपास गिरण्या आणि गिरणीकामगारांच्या चाळी उभ्या राहिल्या. कामाठीपुऱ्यात बांधकामावर राबणारे तेलंगणातले कामाठी आधीच राहू लागले होते. नव्या जमिनीवर कोण राहील हे तिच्या उंचीवरून ठरले: मलबार टेकडीवर श्रीमंत, भरावाच्या ओलीत मजूर.

बेटे जोडणाऱ्या रस्त्यांविषयी थोडक्यात. १८०३ मध्ये शीव-कुर्ला, १८३८ मध्ये कुलाबा, १८४५ मध्ये माहीम-वांद्रे. शेवटच्या रस्त्यासाठी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी १,५७,००० रुपये दिले आणि त्यावर जकात बसवायची नाही अशी अट घातली. या शहराच्या भरावाच्या इतिहासात सार्वजनिक हक्काची अट घालून पैसे देणारी व्यक्ती मला दुसरी चटकन आठवत नाही.

१८६० नंतर सगळ्याचा वेगच बदलला. अमेरिकेतल्या यादवीमुळे लँकेशायरला तिथला कापूस मिळेना, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि तो पैसा समुद्रावर लावला गेला. बॅक बे भरून काढण्यासाठी कंपनी निघाली, पूर्व किनाऱ्यावर एल्फिन्स्टन कंपनीने धक्के आणि गोद्यांसाठी जमीन करायला घेतली. अजून अस्तित्वात न आलेल्या जमिनीचे शेअर कापसाचे दलाल प्रेमचंद रायचंद यांच्या वर्तुळात हातोहात फिरत होते. १८६५ मध्ये यादवी संपली, कापूस कोसळला आणि त्याबरोबर बँका, कंपन्या, घराणी बुडाली. १८६४ च्या गणनेत शहरात आठ लाखांवर माणसे होती, १८७२ मध्ये ती साडेसहा लाखांच्या आत आली. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये, तेजीच्या ऐन भरात निघाले; त्यातली भरभराटीची मुंबई दोनच वर्षांत हादरली.

तेजी विरली तरी तिने हिसकावलेला किनारा परत गेला नाही. १८७० मध्ये सरकारने एल्फिन्स्टन कंपनी विकत घेतली, १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक सुरू झाला. कुलाब्यापासून शिवडी-वडाळ्यापर्यंत सुमारे १८०० एकर पूर्व किनारा एका संस्थेच्या भिंतीआड गेला. मुंबईकर समुद्र म्हटला की पश्चिमेकडे बघतो, याचे कारण हे आहे. ज्या बाजूला शांत, खोल, वाऱ्यापासून आडोसा असलेले बंदर आहे आणि ज्याच्यासाठी हे शहर वसले, ती बाजू दीडशे वर्षे सामान्य माणसाने क्वचितच पाहिली. याच गोद्यांना लागून असलेल्या मांडवीत १८९६ मध्ये प्लेग प्रकटला.

१९२० च्या दशकातला बॅक बे प्रकल्प मला या साऱ्या इतिहासाचा गाभा वाटतो. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी डेव्हलपमेंट डिरेक्टोरेट नावाचे खाते काढले. आठ तुकड्यांत ११४५ एकर समुद्र भरायचा बेत होता. कांदिवलीच्या टेकडीतला दगड रेल्वेने आणून भिंत घातली आणि तिच्या आत बंदरातला उपसलेला गाळ सोडला. गाळ भिंतीतून निसटून परत समुद्रात जाऊ लागला. खर्च फुगत गेला, काम अर्ध्याहून कमी भागावर थांबवावे लागले. वकील खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी हा गैरकारभार चव्हाट्यावर मांडला, त्यासाठी अब्रुनुकसानीचा खटला अंगावर घेतला आणि ते निर्दोष सुटले. समुद्रावरच्या उधळपट्टीविरुद्ध लढलेल्या या माणसाचे नाव पुढे बॅक बेच्याच भरावाला, नरिमन पॉइंटला दिले गेले. याच खात्याने त्याच वर्षांत कामगारांसाठी घरे बांधली. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या त्या २०७ बीडीडी चाळी. एका कुटुंबाला एक खोली, सुमारे १६० चौरस फूट. एकाच कार्यालयाने, एकाच गव्हर्नरच्या काळात, समुद्रातून प्रशस्त भूखंड काढायचा घाट घातला आणि कामगारांच्या वाट्याला १६० फूट ठेवले. भराव घातला नसता तर गावाकडून आलेली लाखो माणसे कुठे राहिली असती, असे मला विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर बीडीडी चाळीच्या खोलीत उभे राहून द्यावे. जमीन वाढली ती गर्दीच्या नावावर, वाटली गेली ती ऐपतीवर.

सात ठिपक्यांचा नकाशा आणखी एक गोष्ट लपवतो. मुंबईची बेटे संपलेली नाहीत. बंदरात ती आजही आहेत, आणि शहर आपल्याजवळ नको असलेले सगळे त्यांच्याकडे पाठवते. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला तेव्हा बंदराच्या तोंडावरच्या एका ओक्याबोक्या बेटाची किंमत इंग्रजांना कळली. आरमार पाठवूनही त्यांना ते काम थांबवता आले नाही. स्वातंत्र्यानंतर बेटांची किंमत वेगळ्या मापाने ठरू लागली. जवाहर द्वीपावर खनिज तेलाचा धक्का आणि टाक्या आल्या. ऑक्टोबर २०१७ मध्ये तिथल्या डिझेलच्या टाकीवर वीज पडली आणि आग काही दिवस धुमसत राहिली. एकेकाळी वेगळे बेट असलेल्या ट्रॉम्बेवर १९५० च्या दशकात दोन तेलशुद्धीकरण कारखाने, अणुऊर्जा केंद्र आणि औष्णिक वीजकेंद्र उभे राहिले. त्याच्या बगलेला देवनारची कचराभूमी १९२७ पासून आहे. तिच्याभोवतीच्या एम-पूर्व विभागाचा क्रमांक २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात सर्वांत तळाला लागला. माहुलमध्ये कारखान्यांच्या धुरात ज्यांचे पुनर्वसन झाले ते शहरातल्या जलवाहिनीलगतच्या झोपड्यांतून उठवलेले लोक होते.

आणि घारापुरी. सहाव्या शतकातली लेणी, १९८७ पासून जागतिक वारसा. १८६४ मध्ये तिथला दगडी हत्ती इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना फुटला; जोडलेला हत्ती आज भायखळ्याला आहे. पण लेण्यांच्या खाली शेतबंदर, राजबंदर आणि मोरबंदर अशी तीन गावे आहेत. समोर ट्रॉम्बेचे वीजकेंद्र १९५६ मध्ये सुरू झाले. ते दिवे रोज दिसत असताना घारापुरीत संध्याकाळचे काही तास डिझेल जनरेटर चाले. समुद्राखालून तार टाकून वीज पोहोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. बासष्ट वर्षांचा हा उशीर अंतरामुळे झाला असे मला पटत नाही. त्याच पाण्यात तेलाच्या वाहिन्या केव्हाच टाकून झाल्या होत्या.

पलीकडच्या किनाऱ्यावर न्हावा-शेवा बंदरासाठी जमिनी घेतल्या गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. शेव्याचा कोळीवाडा उठवून उरणजवळ बसवला, तिथे घरांना वाळवी लागली, आणि त्या माणसांचे फेरपुनर्वसन दशकानुदशके लोंबकळत राहिले. ऑगस्ट २०१० मध्ये बंदराच्या तोंडाशी दोन जहाजांची टक्कर होऊन तेल सांडले तेव्हा ते घारापुरीच्या तिवरांपर्यंत आले आणि मासळी कुणी घेईना. बंदराच्या लाभाचा हिशेब टनांत आणि कोटींत होतो. मासळी विकणाऱ्या बायकांच्या पाट्यांचा हिशेब कुणीच ठेवत नाही.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. निसर्गाने सूड घेतला, असे त्यानंतर पुष्कळांनी लिहिले. मला ते वाक्य फसवे वाटते, कारण त्यात कुणाचीच जबाबदारी उरत नाही. मिठी नदीच्या मुखाशी जे खाजण भरतीचे आणि पावसाचे पाणी एकाच वेळी पोटात घेत होते, तिथे वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले. विमानतळाच्या धावपट्टीसाठी नदीचे पात्र वळवले आणि आवळले. पुराची चौकशी करणाऱ्या माधवराव चितळे समितीने पुढच्या वर्षी हे सविस्तर मांडले. सुज्ञ शेतकऱ्याने खारेपाटात उघाडी बुजवली नसती; शहराने मोठ्या सन्मानाने बुजवली.

तरीही पाण्याशी रोजचा संबंध असलेली माणसे अजून इथे आहेत, आणि त्यांचे ज्ञान कामाचे आहे हे नुकतेच सिद्ध झाले. सागरी किनारा मार्गाच्या पुलाचे खांब साठ मीटरवर येणार होते. वरळीच्या क्लीव्हलँड बंदरातून बाहेर पडणाऱ्या कोळ्यांनी सांगितले की वारा आणि भरती एकदम आली की एवढ्या फटीतून होडी सुखरूप जाणार नाही. काम रोखून धरल्यावर अंतर एकशेवीस मीटर झाले. त्यांची मागणी याहूनही मोठ्या अंतराची होती. अभियंत्यांकडे लाटांची आकडेमोड असणारच. पण त्या तोंडातून रात्री परतणाऱ्याचा अनुभव आराखड्याच्या पहिल्या पानावर यायला हवा होता, आंदोलनानंतर शेवटच्या पानावर नव्हे.

आता मिठागरांची पाळी आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मुलुंड, भांडुप, कांजूरमार्गकडच्या मिठागरांची २५५.९ एकर जमीन धारावी पुनर्विकासात अपात्र ठरणाऱ्यांच्या भाड्याच्या घरांसाठी घेण्याला मंजुरी दिली. धारावी हा स्वतः एक जुना कोळीवाडा. खाडी बुजत गेली, कातडी कमावण्याचे धंदे शहराने तिकडे ढकलले, आणि कष्टकऱ्यांनी त्या दलदलीवर स्वतःच्या हाताने माती टाकून वस्ती केली. तिथली जागा मोलाची झाल्यावर त्यांच्यातल्या ज्यांच्याकडे कागद नाहीत त्यांना पुढच्या खाजणाकडे पाठवायचे, हा तोच जुना क्रम आहे. गरिबाला घर हवेच. पण ते नेहमी शहराच्या सर्वांत सखल जागीच का, याचे उत्तर नियोजनकारांनी द्यायला हवे. पूर्व किनाऱ्यावरची, एकेकाळच्या पोर्ट ट्रस्टची, भरतीपासून सुरक्षित आणि स्थानकांच्या जवळची जमीन या चर्चेत का येत नाही?

शेतजमिनीचा सातबारा असतो. कसणाऱ्याचे नाव, पीक, पाण्याची सोय त्यात लिहिलेली असते. खाजणाची तशी नोंद मुंबईत कधी झाली नाही. जाळी कुठे लागतात, मासळी कुठे वाळते, ओहोटीला बायका कुठे उतरतात, पावसाचे पाणी कुठे थांबते, कोणत्या मिठागराची उघाडी अजून चालते, हे त्या त्या कोळीवाड्यातल्या आणि आगरातल्या माणसांना बसवून, मोजून, नकाशावर उतरवता येईल. महानगरपालिका, महसूल खाते आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांना त्यासाठी नवा कायदा नको, फक्त आदेश हवा. तुम्ही मुंबईत, ठाण्यात, उरणमध्ये राहत असाल तर आपल्या नगरसेवकाकडे आणि आमदाराकडे ही नोंद मागा. भांडुप-मुलुंडच्या मिठागरांत पहिला डंपर रिकामा होण्याआधी ती झाली पाहिजे.